इंटेल की एएमडी? आधी मॉनिटरकडे बघा

नवा प्रोसेसर घ्यायचा विचार डोक्यात घोळत असेल, तर आधी एक फुकटचा प्रयोग करून बघा. तुम्ही सगळ्यात जास्त खेळता तो गेम सुरू करा, त्यातल्या भरपूर गर्दीच्या, धुमश्चक्रीच्या जागी जा आणि सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे पडद्यावरची चित्रं, पडताहेत ते पाहून ठेवा. मग सेटिंगमध्ये जाऊन रिझोल्यूशन, म्हणजे चित्रातल्या ठिपक्यांची संख्या, एकदम खाली आणा. चित्र भुरकट होईल, होऊ द्या. फ्रेमचा आकडा झपकन वर गेला, तर तुमचा प्रोसेसर आतापर्यंत निवांत होता आणि दमछाक ग्राफिक्स कार्डाची होत होती. आकडा जागचा हललाच नाही, तर घोडं प्रोसेसरपाशी अडलंय. प्रयोगाआधी व्ही-सिंक (फ्रेमचा वेग मॉनिटरच्या वेगाला बांधणारी सेटिंग) किंवा फ्रेमची कमाल मर्यादा चालू असेल तर तेवढी बंद करा, नाहीतर आकडा त्या मर्यादेलाच चिकटून राहील आणि दोष भलत्याच्याच माथी जाईल.

प्रोसेसर बनवणाऱ्या या दोन कंपन्यांबद्दल 'इंटेल घेऊ की एएमडी?' असं मला वरचेवर विचारलं जातं. विचारणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना त्या घडीला दोन्हींतलं काहीच घ्यायची गरज नसते. आणि ज्यांना खरंच असते, त्यांच्यासाठी हा प्रश्न पहिला नसून शेवटचा असतो. तो कसा, ते समजायला एका फ्रेममागे काय काय घडतं ते बघू.

यादी करणारा आणि रंगवणारा

तुम्ही माउस हलवला, बटण दाबलं. त्याची दखल घ्यायची, शत्रूने कुठे वळायचं ते ठरवायचं, सुटलेली गोळी कुठे लागली ते मोजायचं, कोसळणाऱ्या भिंतीचे तुकडे कुठे पडतील याचा हिशोब करायचा, कोणत्या वस्तू दिसताहेत आणि कोणत्या आड गेल्यात ते निवडायचं, आणि शेवटी 'हे काढ, मग ते काढ' अशी यादी ग्राफिक्स कार्डाच्या हाती द्यायची, एवढं सगळं प्रोसेसरचं काम. ती यादी घेऊन लाखो ठिपके रंगवायचे, हे कार्डाचं काम. कार्ड एक फ्रेम रंगवत असतं तेव्हा प्रोसेसर पुढच्या फ्रेमच्या तयारीला लागलेला असतो, त्यामुळे दोघांचं काम एकाच वेळी चालतं. पण वेग ठरतो तो दोघांतल्या संथ गड्याच्या चालीने. यादीच वेळेवर आली नाही, तर महागातलं महाग कार्डसुद्धा हातावर हात ठेवून बसतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

वेळ किती मिळतो? सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला १६.७ मिलीसेकंद. १४४ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १४४ चित्रं दाखवणाऱ्या, मॉनिटरला पुरं पडायचं तर ६.९, आणि २४० हर्ट्झला जेमतेम ४.२ मिलीसेकंद. तेवढ्यात वरची सगळी यादी तयार झाली पाहिजे, आणि प्रत्येक वेळी झाली पाहिजे.

आता रिझोल्यूशनकडे वळू. १०८० पी म्हणजे साधारण २०.७ लाख ठिपके, १४४० पी म्हणजे ३६.९ लाख, आणि ४के म्हणजे ८२.९ लाख, १०८० पीच्या अगदी चौपट. ही वाढ झाली की कार्डाच्या डोक्यावरचं ओझं वाढतं. प्रोसेसरला तिचं फारसं सोयरसुतक नसतं. ४के लावलं म्हणून शत्रूंची संख्या चौपट होत नाही. म्हणूनच ६० हर्ट्झच्या ४के मॉनिटरवर कथाप्रधान गेम निवांतपणे खेळणाऱ्याला मधल्या फळीतला प्रोसेसर आणि सगळ्यात वरचा प्रोसेसर यांत फरक कळणं कठीण. तोच माणूस १०८० पी आणि २४० हर्ट्झवर काउंटर-स्ट्राइक २ खेळायला बसला, तर मात्र प्रोसेसरच त्याचा मालक.

इथे अलीकडे एक मेख शिरली आहे. डीएलएसएस, एफएसआर यांसारख्या अपस्केलिंगच्या युक्त्या गेम आतल्या आत कमी रिझोल्यूशनवर रंगवतात आणि मग मोठं करून दाखवतात. ४के पडद्यावर डीएलएसएसचा 'परफॉर्मन्स' मोड लावला, तर प्रत्यक्षात रंगकाम १०८० पीचंच होतं. कार्डाचा भार उतरतो, फ्रेम वाढतात आणि अचानक प्रोसेसर उघडा पडतो. त्यात रे ट्रेसिंग (प्रकाशाच्या किरणांचा हिशोब करून सावल्या-प्रतिबिंबं काढणं) चालू केलं की प्रोसेसरवरचं ओझंही वाढतं. 'मी ४केवर खेळतो, मला प्रोसेसर कोणताही चालतो' हे वाक्य म्हणून आता अर्धंच खरं राहिलंय.

चाचण्यांचे तक्ते वाचतानाही हेच लक्षात ठेवायचं. परीक्षण करणारे मुद्दाम १०८० पीवर, हाताशी असलेल्या सगळ्यात ताकदवान कार्डासोबत मोजमाप करतात, कारण तसं केल्याशिवाय दोन प्रोसेसरमधला फरक दिसतच नाही. त्यांची पद्धत बरोबरच आहे. पण तक्त्यात दिसणारी आघाडी तुमच्या मधल्या दर्जाच्या कार्डासोबत आणि १४४० पी मॉनिटरवर जवळपास विरघळून जाऊ शकते. सरासरीपेक्षा '१ टक्का लो' हा आकडा आधी बघा, असं माझं मत. सगळ्यात रखडलेल्या फ्रेमांच्या वेळी वेग किती होता, ते तो सांगतो. सरासरी १५० असून मधूनच ४० वर आपटणारा गेम हाताला फार वाईट लागतो, आणि असे हिसके पुष्कळदा प्रोसेसरकडून येतात.

गिगाहर्ट्झचा भ्रम

प्रोसेसरच्या वेगाचा आकडा बघून निवड करण्याची खोड जुनी आहे आणि ती लावण्यात कंपन्यांचा हातभार मोठा. इंटेलचा पेंटियम ४ हा २००४ मध्ये ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत, म्हणजे सेकंदाला ३.८ अब्ज ठोक्यांपर्यंत, पोचला होता. पुढच्या ४ गिगाहर्ट्झचा बेत इंटेलने त्याच वर्षी गुंडाळला. २००६ मध्ये त्याच इंटेलचा २.४ गिगाहर्ट्झचा कोअर २ ड्युओ आला आणि त्याने या धावपटूला सरळ मागे टाकलं. कारण प्रत्येक ठोक्याला किती काम उरकतं, हा हिशोब ठोक्यांच्या संख्येइतकाच महत्त्वाचा असतो. एकाच पिढीतल्या, एकाच घडणीच्या दोन चिप्सची तुलना करायची असेल तर गिगाहर्ट्झ कामाचे. दोन कंपन्यांच्या चिप्समध्ये तो आकडा मांडून बसण्यात अर्थ नाही.

मग गेममध्ये ठोके वाया कुठे जातात? वाट बघण्यात.

५ गिगाहर्ट्झवर एक ठोका म्हणजे सेकंदाचा पाचशे कोटीवा भाग. तेवढ्यात प्रकाशसुद्धा जेमतेम ६ सेंटिमीटर जातो. रॅममधून एखादी गोष्ट मागवली तर ती यायला साधारण ७० ते ८० नॅनोसेकंद लागतात, म्हणजे साडेतीनशे-चारशे ठोके. माणसाच्या मापात सांगायचं तर, एक ठोका म्हणजे एक सेकंद धरा. प्रोसेसरच्या अगदी बगलेत असलेल्या एल१ कॅशमधून (कॅश म्हणजे चिपवरचीच छोटी, चपळ साठवण) वस्तू चार-पाच सेकंदांत हातात येते. थोड्या लांबच्या, पण चिपवरच्याच एल३ कॅशमधून पाऊण मिनिटात. रॅममधून आणायची तर सहा मिनिटं थांबा. आणि गेम म्हणजे असल्या मागण्यांचा पाऊस. हा सैनिक कुठे आहे, ती गाडी कुठे वळली, या दारामागे कोण उभं आहे. पुढची मागणी कोणती येईल याचा अंदाज प्रोसेसर बांधत असतो, पण इतक्या विखुरलेल्या माहितीत तो बऱ्याचदा चुकतो.

एएमडीने २०२२ च्या एप्रिलमध्ये याच दुखण्यावर बोट ठेवलं. रायझन ७ ५८००एक्स या आठ कोअरच्या (कोअर म्हणजे चिपमधला स्वतंत्रपणे काम करणारा गडी) चिपमध्ये ३२ एमबी एल३ कॅश होती. तिच्या डोक्यावर ६४ एमबी कॅशची आणखी एक पातळ चकती त्यांनी चढवली, एकूण झाली ९६. नाव ठेवलं ५८००एक्स३डी. वरच्या मजल्यामुळे उष्णता कोंडू नये म्हणून कमाल वेग ४.७ वरून ४.५ गिगाहर्ट्झवर उतरवला, ओव्हरक्लॉकिंगलाही (चिप ठरल्यापेक्षा जास्त वेगाने पळवण्यालाही) कुलूप घातलं. कागदावर बघावं तर मूळ चिपपेक्षा ही मंद. पण गेममध्ये ती मूळ चिपच्या बरीच पुढे गेली, कारण रॅमपर्यंतच्या त्या सहा मिनिटांच्या खेपा कमी झाल्या. २०२३ मध्ये याच वळणाचा ७८००एक्स३डी आला. २०२४ च्या नोव्हेंबरात आलेल्या ९८००एक्स३डीमध्ये तर जादा कॅश कोअरच्या वर न चढवता खाली सरकवली. त्यामुळे कोअर थेट कूलरच्या बाजूला आले, कमाल वेग ५.२ गिगाहर्ट्झ झाला आणि ओव्हरक्लॉकिंगचं कुलूपही निघालं.

या जादा कॅशचा फायदा सगळीकडे सारखा मिळत नाही, आणि जाहिरातीत हे दबक्या आवाजात सांगितलं जातं. हजारो वस्तूंचा हिशोब ठेवणारे गेम, म्हणजे फ्लाइट सिम्युलेटर, फॅक्टोरिओसारखे कारखाने उभारायचे खेळ, मोठे डावपेचाचे खेळ, गर्दीचे ऑनलाइन गेम, इथे फरक डोळ्यांना दिसतो. ग्राफिक्स कार्डच धापा टाकत असेल तिथे ती कॅश शोभेची. व्हिडिओ रेंडर करण्यासारख्या कामात तर तिचा उपयोग नावापुरताच असतो.

जास्त कोअर, जास्त मजा?

नाही, निदान गेममध्ये तरी नाही. काम कितीही जणांत वाटलं तरी त्यातला जो भाग एकाच्या मागे एक असाच करावा लागतो, तो शेवटी वेग अडवतो. जीन अॅमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला हा मुद्दा आजही तितकाच लागू पडतो. बहुतेक गेममध्ये एक मुख्य धागा, म्हणजे एकामागून एक चालणाऱ्या कामांची साखळी, असतो, बाकीचे त्याच्या भोवती धावपळ करतात. मुख्य धागा ज्या कोअरवर चालतो तो एकटा किती चपळ, यावर बरंच काही ठरतं.

तरी किती कोअर हवेत? प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स हे दोन्ही २०२० मध्ये आले आणि दोघांतही एएमडीच्या झेन २ घडणीचे आठ कोअर आहेत. मोठे गेम या खोक्यांवर चालावेत असेच लिहिले जातात. त्यामुळे आठ चांगले कोअर भरपूर झाले, आणि नव्या पिढीतले सहा कोअरही बहुतेकांची गरज भागवतात.

त्यापुढचे कोअर दोन्ही कंपन्या वेगळ्या रीतीने देतात. इंटेलने २०२१ च्या बाराव्या पिढीपासून घरगुती संगणकात दोन जातींचे कोअर शेजारी बसवले, काही दमदार आणि काही काटकसरी. कोअर आय९-१४९००के मध्ये २४ कोअर आहेत असं वाचून हुरळून जाऊ नका, त्यातले दमदार आठच. एएमडीच्या १२ आणि १६ कोअरच्या चिप्समध्ये कोअर दोन वेगळ्या तुकड्यांवर विभागलेले असतात आणि एका तुकड्यावरून दुसऱ्यावर निरोप जायला वेळ मोडतो. ७९५०एक्स३डीमध्ये तर जादा कॅश दोनांपैकी एकाच तुकड्यावर आहे. गेम योग्य तुकड्यावर ठेवण्याची जबाबदारी मग विंडोज आणि ड्रायव्हरवर येते. फक्त खेळण्यासाठी संगणक हवा असेल, तर आठ कोअरची सुटसुटीत चिप घ्या आणि या भानगडीतून मोकळे व्हा.

आता ती दोन घराणी

एक भीती आधीच काढून टाकू. 'अमुक गेम एएमडीवर चालेल ना?' चालेल. दोन्हींची भाषा एकच आहे. तिची सुरुवात इंटेलच्या १९७८ च्या ८०८६ पासून झाली, आणि आज आपण वापरतो तो तिचा ६४ बिटचा अवतार एएमडीने २००३ मध्ये बाजारात आणला. इंटेलनेही पुढे तोच स्वीकारला. एकमेकांच्या घरातली भांडी वापरत भांडणारे हे शेजारी आहेत.

निष्ठेचं म्हणाल, तर इतिहास तिची फार गय करत नाही. अॅथलॉन ६४ या चिपच्या काळात खेळणाऱ्यांसाठी एएमडी पुढे होती. २००६ पासून इंटेलने पारडं फिरवलं. २०११ चा एएमडीचा बुलडोझर फसला आणि पुढे काही वर्षं इंटेलला दरारा वाटावा असं कुणी उरलंच नाही. त्या काळात इंटेलचे मुख्य घरगुती प्रोसेसर चार कोअरवरच रेंगाळले. मार्च २०१७ मध्ये पहिला रायझन आठ कोअर घेऊन आला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात इंटेलच्या आय७ला चाराचे सहा कोअर फुटले! कंपनीच्या नावावर जीव टाकणाऱ्यांनी ही घटना अधूनमधून आठवावी.

सध्याचं चित्र असं की निव्वळ गेमिंगमध्ये जादा कॅशवाल्या एक्स३डी चिप्सना तोड नाही, आणि त्या वीजही बेताची घेतात. ७८००एक्स३डी बहुतेक गेममध्ये १०० वॅटच्या आतच राहतो. १४९००केची कमाल मर्यादा २५३ वॅट आहे. गेममध्ये तो दर वेळी तिथवर जात नाही, पण कूलर निवडताना हा आकडा नजरेआड करून चालत नाही. इंटेलने ऑक्टोबर २०२४ मध्ये डेस्कटॉपसाठी कोअर अल्ट्रा २००एस मालिका आणली, तिने विजेची भूक बरीच कमी केली. मात्र गेमच्या वेगात ती स्वतःच्याच चौदाव्या पिढीला नीट मागे टाकू शकली नाही.

मग इंटेल कुणी घ्यावा? खेळण्याइतकंच कामही त्याच संगणकावर करणाऱ्याने त्याचा विचार जरूर करावा. तेवढ्याच पैशात मिळणारे काटकसरी कोअर रेंडरिंगला, कोड कंपाइल करायला चांगले राबतात, आणि आतल्या ग्राफिक्समधली क्विक सिंक ही व्हिडिओ झटपट हाताळायची सोय व्हिडिओ संपादनात खरोखर वेळ वाचवते. फक्त नावाच्या शेवटी 'एफ' असलेली इंटेल चिप घेऊ नका, कारण तिच्यात आतलं ग्राफिक्स बंद असतं आणि क्विक सिंकही त्याबरोबर जाते.

वापरलेला इंटेल घेणार असाल तर जरा थांबा. तेराव्या आणि चौदाव्या पिढीतल्या जास्त वीज खाणाऱ्या डेस्कटॉप चिप्समध्ये अस्थिरतेचा दोष असल्याचं इंटेलने २०२४ मध्ये मान्य केलं. गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज जाऊन चिप झिजत होती. उपाय म्हणून बायोसमधून (मदरबोर्डातल्या मूळ सॉफ्टवेअरमधून) मायक्रोकोडच्या, म्हणजे चिपच्या आतल्या सूचनांच्या, सुधारणा आल्या आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवण्यात आली. पण आधीच झिजलेली चिप त्या सुधारणेने बरी होत नाही. आधीच्या मालकाने ती कशी वापरली ते तुम्हाला कळणार नाही, म्हणून मी असा सौदा टाळेन.

नावांचे सापळे एएमडीकडेही आहेत, आणि ते जास्त चीड आणणारे आहेत. रायझन ५ ५५०० आणि ५६०० ही नावं वाचून सख्खी भावंडं वाटतात. पण ५६००मध्ये ३२ एमबी एल३ कॅश आहे, ५५००मध्ये १६, शिवाय पीसीआयईची, म्हणजे कार्ड जोडायच्या वाटेची, पिढीही एक पायरी जुनी. रायझन ७ ५७०० आणि ५७००एक्स यांचंही तेच. एका अक्षराने अर्धी कॅश गायब! वर कॅशचं एवढं पुराण लावलं ते यासाठीही. खोक्यावरचं नाव बघू नका, तपशिलात एल३चा आकडा बघा.

मदरबोर्डाचा हिशोबही निवडीत धरावा लागतो. एएमडीचं एएम४ सॉकेट, म्हणजे चिप बसवायची खोबण, इतकं टिकलं की २०१७ मध्ये घेतलेल्या कित्येक मदरबोर्डांवर बायोस अपडेट करून २०२२ चा ५८००एक्स३डी चालला. २०२२ मध्ये आलेलं एएम५ निदान २०२७ पर्यंत चालवण्याचा शब्द एएमडीने दिला आहे. इंटेलने २०२० मध्ये एक सॉकेट, २०२१ मध्ये दुसरं, २०२४ मध्ये तिसरं आणलं. ज्यांना तीन-चार वर्षांनी फक्त चिप बदलायची आहे त्यांच्यासाठी हा मुद्दा वजनदार आहे. सात वर्षं संगणक उघडायचाच नाही आणि मग सगळंच नवं घ्यायचं, अशा माणसाला सॉकेटच्या आयुष्याचं काय कौतुक?

मला विचाराल तर ६० ते १४४ हर्ट्झवर १४४० पी किंवा ४के खेळणाऱ्याने सध्याच्या पिढीतला सहा किंवा आठ कोअरचा साधा प्रोसेसर घ्यावा, दोन्ही घराण्यांपैकी ज्याचा मदरबोर्ड आणि रॅमसकट एकूण खर्च कमी पडेल त्याचा, आणि वाचलेला पैसा डोळे मिटून कार्डात घालावा. २४० हर्ट्झवाल्याने आणि सिम्युलेशनच्या वेडाने पछाडलेल्याने एक्स३डीसाठी पदर मोकळा सोडावा. दिवसभर रेंडरिंग आणि रात्री गेम अशा माणसासाठी दोन्हीकडचे मोठे प्रोसेसर आहेत, तिथे त्याच्या कामाच्या सॉफ्टवेअरची चाचणी गेमच्या चाचणीआधी बघावी.

चिप बसवून झाल्यावर एक काम उरतं. रॅमच्या दोन पट्ट्या घ्या, एक नको, आणि बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा एक्सपो नावाचा पर्याय चालू करा. तो चालू केल्याशिवाय रॅम खोक्यावर छापलेल्या वेगाने धावत नाही, गुपचूप मूळच्या मंद वेगावर चालत राहते. हे मी अधिकारवाणीने सांगू शकतो, कारण माझ्या स्वतःच्या संगणकात ती कित्येक महिने तशीच चालत होती आणि मी मात्र दोष प्रोसेसरला देत होतो. टास्क मॅनेजर उघडा, मेमरीच्या पानावर वेगाचा आकडा दिसतो.